फ्लेक्सच्या कडेची पट्टी

रंगूबाईची सून गोरी होत चालली होती, आणि रंगूबाईला त्याचं कोण कौतुक. दारात बसलेल्या प्रत्येकीला ती सांगायची, "लग्नात आली तवा सावळी हुती. आता बघा, कशी उजळली!" सून सत्यशीला खाली मान घालून हसायची. तिला चौथा महिना होता.

मी गावची आशा सेविका. नाव माधुरी, पण सगळे आशाताई म्हणूनच हाक मारतात. मी सत्यशीलाची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाल दिसायला हवं, तिथं नुसतं पांढरं.

"मावशी, हिचं रक्त कमी झालंय. उपकेंद्रात तपासून घेऊ."

"काय न्हाई झालं तिला," रंगूबाई म्हणाली. "उन्हात जात न्हाई म्हनून उजळलीय. उगं नाट लावू नका."

ती का ऐकत नव्हती ते मला माहीत होतं. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बायको आजारी निघाली तर मजूर नेणारा मुकादम जोडीच घेत नाही. दहा दिवसांनी टोळ्या निघणार होत्या आणि रंगूबाईच्या घरात दुसरी कमाई नव्हती.

दोन वर्षांपूर्वी वस्तीवरची एक पोर अशीच गोरी होऊन कारखान्यावर गेली, ती बाळंतपणातून उठली नाही. तिचीही पापणी मी पाहिली होती. घरचे नको म्हणाले आणि मी गप्प बसले. ते मला अजून टोचतं. त्यामुळे या वेळी गप्प बसायचं नाही असं मी ठरवलं होतं.

प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत दोन पापण्यांची रंगीत चित्रं होती, एक लालचुटूक, एक फिक्कट. मोबाईलमध्ये त्यांचा फोटो काढून मी रंगूबाईला दाखवला. तिनं तोंड वाकडं केलं. "मोबाईलमदी कुनाचं खरं दिसतंय? आमचा श्रीमंत फोटूत फॉरेनचा दिसतो." श्रीमंत तिचा मुलगा. आणि त्याचे फोटो मी पाहिले होते, त्यांत तो खरंच तसा दिसतो.

मग कागदावर काढायचं ठरवलं. आमच्या गावातून आठ टोळ्या जातात, प्रत्येकीला एक चित्र द्यायचं, म्हणजे तिकडंही बायका आपापलं बघतील. पाथर्डीला जाऊन आधी साधी झेरॉक्स काढली. दोन्ही पापण्या सारख्याच करड्या आल्या. रंगच नाही तर काय दाखवणार, डोंबल? नेट कॅफेवाल्याकडं रंगीत प्रिंट काढली, तर त्याची लाल शाई संपत आलेली. निरोगी पापणीसुद्धा मरायला टेकल्यासारखी दिसत होती, आणि वर एका पानाचे वीस रुपये घेतले. फोटो स्टुडिओतला रंग झकास होता, पण आठ फोटोंचा आकडा ऐकून मी पर्स उघडलीच नाही. आरोग्य खात्याकडून येणाऱ्या पोस्टरवर हसरं कुटुंब असतं, पापणी नसते, आणि हा सगळा खर्च माझ्याच खिशातून चालला होता.

शेवटी फ्लेक्सवाल्या कानिफनाथच्या दुकानात शिरले. तो संगणकावर मुकादम बिभीषणभाऊंच्या गळ्यात हार चढवत होता. वाढदिवस दोन दिवसांवर आला होता.

"एवढंसं कुठं फ्लेक्सवर छापता, ताई?" तो म्हणाला. मग रोलकडं बघून थांबला. "थांबा. रोल चार फुटी हाय, भाऊंचा बॅनर साडेतीन फुटी. कडंची अर्धा फूट पट्टी मी कातरून फेकूनच देतो. तिच्यावर छापू तुमचं. पैशे नकोत."

"लाल रंग नीट येईल का?"

"इथं समदे पुढारी लालबुंदच छापतो, ताई. लालची काळजी तुमी करूच नका."

बॅनर आठ फूट उंच, म्हणजे पट्टीवर आठ जोड्या बसल्या. प्रत्येक जोडीखाली मी लिहून दिलं: 'अशी लाल, तर चांगली. अशी पांढरी, तर रक्त तपासा.' परवा येऊन पट्टी घेऊन जा, असं तो म्हणाला. फुकटात काम झालं म्हणून त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की येताना भेळ खाल्ली.

ठरल्या दिवशी गेले तर कानिफनाथनं कपाळावर हात मारून घेतला. "ताई, गर्दीत कातरायचं राहिलं वो. मुकादमाची मानसं घेऊन गेली तसंच. फाट्यावर लावलाय."

मुकादमाच्या वाढदिवसाच्या बॅनरवर सोळा डोळे! तो मला सोडणार नाही, आणि उद्या कुठल्याच टोळीत मला पाय ठेवू देणार नाही. पट्टी गेली, टोळ्याही गेल्या. रिक्षात बसून मी कानिफनाथला येतील तेवढ्या शिव्या मनातल्या मनात घातल्या.

फाट्यावर उतरले तर बॅनरखाली पंधरा-वीस बाया. बिभीषणभाऊ सोन्याच्या साखळ्या घालून हात जोडून हसत होते, आणि त्यांच्या उजव्या खांद्यालगत वरपासून खालपर्यंत डोळेच डोळे. भाऊंकडं कुणी बघतही नव्हतं. एकजण उभ्या मोटरसायकलच्या आरशात स्वतःची पापणी ओढून पाहत होती. दोघी एकमेकींच्या पाहत होत्या.

पुढं रंगूबाई होती. सत्यशीलाला तिनं बॅनरच्या तळाशी, शेवटच्या जोडीशेजारी उभं केलं होतं. स्वतःच्या अंगठ्यानं तिनं सुनेची पापणी खाली ओढली, चित्राकडं पाहिलं, परत पापणीकडं पाहिलं.

"अगं बया," ती हळूच म्हणाली. "हिची तर त्याच्याहून पांढरी हाय."

मग तिला मी दिसले. "आशाताई, मुकादमानंच लावलंय बघा. रक्त तपासल्याबिगर नेत न्हाई म्हनतोय वाटतं औंदा."

माझं डोकंच फिरलं. आठवडाभर मी हिच्या दाराचा उंबरा झिजवला, आणि हिला पटलं ते मुकादमाच्या तोंडाशेजारी छापलेलं! पण पटलं होतं. मी राग गिळला.

तेवढ्यात मुकादमाची जीप आली. बिभीषणभाऊ उतरले, बॅनरकडं बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. ते ओरडणार, इतक्यात रंगूबाई पुढं झाली. "लई बरं केलं, भाऊ. बायांचं कुनी बघत न्हाई. तुमी बघितलं."

बाकीच्या बायाही माना हलवू लागल्या. भाऊंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. कुणाचं काम आहे ते त्यांना कळलं होतं. पण वाढदिवसाच्या दिवशी वीस बाया तोंडावर कौतुक करतात, ते कुणाला नको असतं?

"मग!" ते म्हणाले. "आपल्या टोळीची काळजी आपल्यालाच."

अशी संधी परत येणार नव्हती. मी मोठ्यानं म्हणाले, "उद्या उपकेंद्रात तपासणी आहे. आणि जिचं रक्त कमी निघेल तिची जोडी मोडायची नाही, घरातलं दुसरं माणूस चालेल, असं मुकादमांचं म्हणणं आहे. व्हय ना, भाऊ?"

सगळ्या त्यांच्याकडं बघत होत्या. "व्हय," भाऊ दात आवळून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एकोणीस बाया आल्या. सत्यशीलाचं रक्त अकरा हवं तिथं साडेसहा निघालं. सिस्टरनी तिला त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात धाडलं, सलाईनमधून औषध सुरू झालं आणि या हंगामात ती जाणार नाही हे पक्कं झालं. रंगूबाई तिचा हात धरून सबंध वेळ रांगेत उभी होती. मी खुशीत याद्या भरत होते.

टोळ्या निघाल्या त्या सकाळी मी बॅनरवरून कातरलेल्या पट्टीचे तुकडे वाटायला गेले. ट्रकजवळ श्रीमंत भांडी चढवत होता आणि त्याच्या शेजारी, कमरेला पदर खोचून, कोयता हातात घेतलेली रंगूबाई उभी होती. वय साठीकडं झुकलेलं. घरातलं दुसरं माणूस. माझेच शब्द होते ते.

"सत्यशीलाकडं ध्यान असू द्या," ती म्हणाली. "शेजारीन भाकरी देनार हाय. गोळ्या इसरती ती."

मी तिच्या हातात पट्टी दिली. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि एकदम तोंड पुढं केलं. "माझी बघा की. लाल हाय का?"

रांगेत सबंध वेळ ही बाई माझ्यासमोर होती. तिचं बोट कुणी टोचलं नव्हतं, तिला कुणी विचारलंही नव्हतं. मीसुद्धा नाही. मी अंगठ्यानं तिची पापणी ओढली.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी पिशवीतल्या लोहाच्या गोळ्यांची होती नव्हती ती पाकिटं काढून तिच्या पदरात घातली. "रोज एक, जेवल्यावर. चुकवायची नाही."

"म्हंजी पांढरी हाय?"

"हाय," मी म्हणाले.

"मंग मीबी गोरी झाले म्हना की," रंगूबाई हसली, आणि श्रीमंतचा हात धरून ट्रकमध्ये चढली.