उलट्या आट्यांचे सात

“लिहा. एकोणीस आटे,” चावीकाका म्हणाले. “उघडायला डावीकडे.”

मॅडमनी टॅबवर बोट फिरवलं. “डावीकडे, नक्की ना काका?”

“मॅडम, एकतीस वर्षं या रस्त्यावर वाकतोय. बायकोचा वाढदिवस विसरेन, व्हॉल्व विसरणार नाही.”

वाढदिवस ते खरंच विसरत. व्हॉल्वबद्दल मात्र ते आत्ता दिवसाढवळ्या, मोठ्या हॉस्पिटलच्या फाटकासमोर, एका शिकल्यासवरल्या बाईच्या तोंडावर खोटं बोलले होते. बोलून झाल्यावर त्यांनी चेंबरचं लोखंडी झाकण पायाने सरकवलं आणि हात झटकले.

पाणी खात्यात त्यांना नावाने हाक मारणारा एकही माणूस उरला नव्हता. छातीएवढी लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते शहरभर फिरत, या भागाचं पाणी बंद कर, त्या भागाचं सोड, म्हणून चावीकाका. स्वभावाने एक नंबरचे खट्याळ. झाकणावर तीनदा टकटक केल्याशिवाय व्हॉल्व हलत नाही, असं त्यांनी एका नव्या साहेबांना सांगितलं होतं. साहेब चार महिने टकटक करत होते. पुढे त्यांची बदली झाली, तिथेही करत असतील.

मॅडम मात्र टकटक करणाऱ्यातल्या नव्हत्या. इंजिनीयर होऊन आल्या आणि वर्षभरात त्यांनी शहराचे पाइप एकमेकांना जोडायला काढले. आजवर प्रत्येक भाग एकाच पाइपावर लटकलेला. तो फुटला की लोक बादल्या घेऊन रस्त्यावर. आता दोन टोकं जोडायची, मध्ये एक व्हॉल्व बंद ठेवायचा, आणि एकीकडचा पाइप गेला की तो उघडून दुसरीकडून पाणी घ्यायचं. “सगळी धुणी एकाच दोरीवर कशाला वाळत घालायची?” असं त्या म्हणत. त्यासाठी त्यांना नकाशा हवा होता. दोनशे बारा व्हॉल्व. कुठे आहेत, किती आट्यांचे म्हणजे किती फेऱ्यांचे, कुठल्या बाजूला उघडतात. आजवर हा नकाशा फक्त काकांच्या डोक्यात होता, आणि ते डोकं दीड महिन्याने निवृत्त होणार होतं.

दोनशे पाच व्हॉल्व काकांनी इमानदारीत सांगितले. उरलेले सात उलट्या आट्यांचे होते. कधीकाळी कुठल्याशा कारखान्याचा माल आला, तो जगाच्या उलटा. डावीकडे बंद होणारा, उजवीकडे उघडणारा. हे काकांना त्यांच्या वस्तादाने सांगितलं होतं, तेही नोकरीच्या शेवटच्या दिवशी, कानात. “हे सात आहेत तोवर तुला कोणी विसरत नाही,” वस्ताद म्हणाला होता.

काकांनी तर पुढचा खेळही रंगवून ठेवला होता. निवृत्तीनंतरची एखादी सकाळ. फोन वाजणार. “काका, व्हॉल्व हलत नाही हो, या ना.” काका आधी चहा संपवणार. मग सावकाश जाणार, सगळ्यांना मागे सरकायला सांगणार, कुणाला दिसू नये म्हणून पाठ आडवी धरून हळूच उजवीकडे फिरवणार. पाणी सुरू. सगळे तोंडात बोट घालणार. या एका दृश्यासाठी सात खोट्या नोंदी. काकांच्या हिशोबी हा शेवटचा खोडसाळपणा होता, आणि त्यात कुणाचं काही जात नव्हतं.

फोन आला तो तीन आठवड्यांनी, निवृत्तीच्या आधीच, मंगळवारी, दुपारी बारा वाजता.

काका तेव्हा अर्धी रजा टाकून गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका लहान हॉस्पिटलात होते, दुसऱ्या मजल्यावर. बायकोचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा तिथे असायचं. ती पलंगावर, हाताला दोन नळ्या, शेजारी मशीन. काका स्टुलावर बसून तिला टकटकवाल्या साहेबांची गोष्ट अकराव्यांदा सांगत होते.

“काका,” पलीकडून पैलवान बोलत होता. खात्यातला फिटर, अंगापिंडाने नावाला जागणारा. “मोठ्या हॉस्पिटलची लाइन फुटलीय सकाळी. नव्या बाजूने पाणी घ्यायचंय, पण फाटकासमोरचा व्हॉल्व हलायचं नाव घेत नाही. जाम झालाय.”

“वरच्या टाकीत किती आहे?”

“वीस मिनिटांचं. आत आपल्या काकूंसारखी मशीनवरची नऊ माणसं आहेत. सिस्टर खाली येऊन आमच्या डोक्यावर उभी आहे. सगळ्यांचं रक्त परत देऊन मशिनी बंद कराव्या लागतील म्हणते.”

काकांनी बायकोच्या मशीनकडे पाहिलं. मशीनमागे पाण्याची एक पांढरी नळी भिंतीतून येत होती. एवढी वर्षं इथे बसून त्यांनी ती नळी कधी बघितली नव्हती.

“हात लावू नका, मी येतो,” ते सवयीने म्हणाले.

“किती वेळात?”

स्कूटरवर चाळीस मिनिटं. आणि टाकीत वीस मिनिटांचं पाणी.

“राहू द्या काका,” पैलवान म्हणाला. “चावीला लांब पाइप घालतो, दोघं मिळून जोर लावतो. हलेल नाही तर तुटेल.”

तुटणारच होता. आधीच घट्ट बंद असलेला व्हॉल्व ते आणखी बंद करत होते. एकदा आतला दांडा तुटला की रस्ता खणेपर्यंत, म्हणजे दोन दिवस, पाणी नाही.

“पाइप काढ,” काका म्हणाले. “उजवीकडे फिरव.”

“नकाशात डावीकडे लिहिलंय.”

“मीच लिहवलंय. खोटं लिहवलंय. उजवीकडे फिरव.”

पलीकडे पाइप खाली टाकल्याचा आवाज आला. मग लोखंडाची एक करकर ऐकू आली, आणि मागोमाग पाइपात पाणी शिरल्याची घरघर. ती घरघर काकांनी हजारो वेळा ऐकली होती, पण फोनवर पहिल्यांदाच.

“एकोणीस पूर्ण कर,” ते म्हणाले. “मधे सोडू नकोस.”

फोन ठेवला तेव्हा बायको त्यांच्याकडेच बघत होती.

“असे किती आहेत?” तिने विचारलं.

“कसे?”

“अहो, माझ्यात रक्त कमी आहे, अक्कल कमी नाही. खोटे किती लिहवलेत?”

“सात.”

“हा एक झाला. उरलेले सहा मी मशीनवरून उठायच्या आत सांगा.”

“अगं, मग मला उद्यापासून विचारणार कोण?”

“मी विचारीन,” ती म्हणाली. “दूध तापवलं का, गोळ्या आणल्या का. पुष्कळ आहे विचारायला. लावा फोन.”

काकांनी मॅडमना फोन लावला. सहाही ठिकाणं सांगितली. पलीकडे मॅडम फक्त “हं, पुढचा” एवढंच म्हणत होत्या. ओरडल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांना जीपमध्ये बसवलं आणि सातही चेंबर उघडायला लावले. प्रत्येक व्हॉल्व समोर फिरवून बघितला, झाकणाच्या आतून लाल रंगात बाण काढला. सातव्या चेंबरपाशी त्या म्हणाल्या, “काका, तुमच्याशिवाय चालू नये असं काहीतरी हवं होतं ना तुम्हाला?”

“होय.”

“आणि मला तुमच्याशिवायही चालेल असं.” त्यांनी ब्रश पुसला. “रिपोर्टमध्ये झालं ते लिहिणार आहे. तुमच्या नावासकट.”

“लिहा,” काका म्हणाले. रंगाचा डबा त्यांनीच उचलून जीपमध्ये ठेवला.

निरोप समारंभ साधाच झाला. खात्याच्या साहेबांनी दोन शब्द बोलताना ‘प्रामाणिकपणे’ हा शब्द गिळला, हे सगळ्यांना कळलं. चावी काकांनी पैलवानाकडे दिली.

पुढच्या महिन्यात बायकोला मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळाली. घरापासून जवळ. ती वर मशीनवर असताना काका फाटकासमोरच्या बाकावर तिची फाइल मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हा खात्याची गाडी आली. खाली उतरलेली माणसं नवीन होती. त्यातलं कुणी काकांना ओळखत नव्हतं. एकाने टॅबवर बघितलं, झाकण उचललं, लाल बाण बघितला आणि चावी घालून उजवीकडे फिरवू लागला.

काकांचा अंगठा फाइलवर एकेक आटा मोजू लागला. पंधरा. सोळा. सतरा. अठरा.

तो माणूस थांबला. कपाळ पुसलं आणि चावी वर ओढली.

काका बाकावरून अर्धे उठले.

त्या माणसाने पुन्हा टॅबवर नजर टाकली, चावी परत आत घातली आणि एकोणिसावा आटा दिला.

काका खाली बसले. फाइल सरळ केली.