सोमवारचं पाणी

मी पोहायचा चष्मा. निळ्या काचा, काळा रबरी पट्टा. पट्टा आता चिकट झालाय आणि मला बहुतेक सगळ्यांची शिसारी आलीय. तरी बोलतो.

चेन्नईत पॅरीज कॉर्नरच्या एका दुकानातून अमरसिंहाने मला त्याच्या अक्कासाठी घेतलं. तो शाळा सोडून ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात लागला होता. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, संयुक्ता. इंग्लिश खाडी पोहून गेलेल्या पहिल्या भारतीय बाईंचं चित्र तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. त्या अंगाला चरबी फासून उतरल्या होत्या, म्हणून ही खोबरेल थापायची.

“अक्का, तुला पोहायचंय की तळायचंय?” अमर विचारायचा.

आमच्या वसाहतीच्या क्लबात पोहायचा तलाव होता. बायकांना फक्त सोमवारी. पाणी बदलायचे सोमवारी रात्री. म्हणजे पुरुषांनी आठवडाभर वापरलेलं पाणी आमच्या वाट्याला. काय काय गेलं माझ्या काचांसमोरून! केसांची गुंतवळं, शेंबूड, जखमेवरच्या सुटलेल्या पट्ट्या, पानाचा चोथा. तळावरची काळी रेघ दिसायचीच नाही. अक्का वाकडी जायची, भिंतीवर आपटायची.

ती सेक्रेटरी कृष्णस्वामींकडे गेली. “सर, एखादा मंगळवार द्या ना. समुद्रातली शर्यत आहे, सरळ पोहता यायला हवं.”

“बायका उतरल्या की पाणी बदलावंच लागतं, अम्मा,” त्यांनी नाक मुरडलं. “तुम्ही मंगळवारी उतरलात तर बुधवारी आम्ही काय करायचं?”

त्यांच्या शेजारी बसलेले हसले. ते हसणं मला त्या चोथ्याहून घाण वाटलं.

मग ती एन्नोरच्या खाडीत जाऊ लागली. वीजकेंद्राच्या राखेचा गाळ, तेलाचा तवंग, फुगलेली मेलेली मासळी. अमर तिच्या चपला धरून काठावरून ओरडायचा, “अक्का, ये ना बाहेर! वास मारतोय!” ती नुसता हात हलवायची.

एकदा शिंपल्याने पाय कापला. ताप चढला, डोळे पिवळे झाले. इस्पितळातून ती परत आली नाही.

क्लबाने शोकसभा ठेवली. मंगळवारी. घरातून मला मागून नेलं. तलावाकाठी तिचा फोटो, फोटोला हार, हाराखाली मी. कृष्णस्वामी डोळे पुसत म्हणाले, “आमच्याच तलावात घडलेली जलकन्या!” शोकसभेत टाळ्या वाजल्या. मला पोट असतं तर मी तिथेच ओकलो असतो.

अमरने मला हाराखालून ओढलं, डोळ्यांवर चढवलं आणि कपड्यांसकट उडी मारली.

तळ दिसला. पांढऱ्या फरशा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ काळी रेघ. एवढंच मागितलं होतं तिने.

वरून आवाज आला, “काढा रे त्याला बाहेर! कालच पाणी बदललंय!”

अमरला धड पोहता येत नाही. तरी हातपाय झाडत, ती रेघ धरून तो भिंतीपर्यंत गेला.

आता मी कपाटात, त्या चित्राखालच्या खिळ्याला आहे. मला हार नको, काचेची पेटी नको. कुणी पोरगी पोहायला निघाली तर तिच्या डोळ्यांवर चढवा मला. पण मंगळवारी. सोमवारी मी येणार नाही.