मोठ्या वर्तुळातला दवाखाना

पालिकेच्या नकाशा विभागात बारा वर्षं काढलेल्या त्या बाईंना सगळे नकाशेताई म्हणत. आपल्या यादीत आजवर एकही चूक निघालेली नाही, असं त्या चारचौघांत सांगत. निघाली असती तरी त्यांना सांगायला कोण धजावलं असतं म्हणा.

या खेपेला नदीपलीकडचे दवाखाने होते, तिथलं मोठं इस्पितळही त्यात. प्रत्येकाभोवती, तिथं जितक्या लांबून माणसं येतात तेवढं, म्हणजे छोट्याला छोटं आणि मोठ्याला मोठं वर्तुळ काढायचं आणि आत किती माणसं राहतात ते मोजायचं. माणसांचा नकाशा तयारच होता: बारीक बारीक चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत तिथल्या रहिवाशांचा आकडा. ताईंनी सगळी वर्तुळं एकदम संगणकाला दिली, आकडे आले, यादी वर गेली. सगळ्यात शेवटी, शून्य माणसांचा, छापखान्यामागचा छोटा दवाखाना. तो महिनाअखेरीस बंद करायचं ठरलं.

चौथ्या दिवशी तिथल्या सिस्टर येऊन बसल्या. आता रडगाणं ऐकावं लागणार, म्हणून ताईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. पण सिस्टरनी ना हात जोडले, ना आवाज चढवला. घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ताई, मी भांडायला नाही आले. तिथं कुणीच राहत नसेल, तर रोज माझ्याकडे पट्टी बदलायला येतात ती माणसं कोण, एवढं फक्त सांगा."

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणत ताईंनी पडदाच त्यांच्याकडे वळवला. छापखान्यामागे घराला घर चिकटलेलं दिसत होतं. छोटं वर्तुळ मोठ्या इस्पितळाच्या वर्तुळात अख्खं बसलं होतं. ताईंनी पडदा परत आपल्याकडे ओढला.

बारा वर्षं त्यांनी प्रभाग मोजले होते. प्रभाग शहाण्या शेजाऱ्यांसारखे. एकाची हद्द संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते. वर्तुळांना ही शिस्त नसते, ती एकमेकांच्या अंगणात शिरतात. आणि सगळी एकदम मोजायला दिली, की संगणक एक चौकट एकाच वर्तुळाच्या पदरात टाकतो. छोट्याच्या सगळ्या चौकटी मोठ्याने नेल्या होत्या. बळी तो कान पिळी, आणि ताईंनी ते डोळे झाकून वर पाठवलं होतं.

त्यांनी छोटं वर्तुळ एकटंच मोजायला दिलं. चार हजार तीनशे बारा. सिस्टरनी तो आकडा दोनदा वाचला आणि पदराने डोळे पुसले. ताईंना इतकी लाज वाटली की त्यांनी उठून सिस्टरचे हात धरले आणि माफी मागितली. यादी आजच मागे घेते, असा शब्दही दिला.

सिस्टर गेल्या, पण ताईंच्या जिवाला घोर लागला. नदीअलीकडचे दवाखाने त्यांनी गेल्या वर्षी असेच एकदम मोजले होते, आणि त्या यादीवरून दोन बंद झाले होते. आता ते एकेक करून मोजले. पहिल्याभोवती खरोखरच जेमतेम वस्ती होती. दुसऱ्याभोवती दोन हजार नऊशे माणसं निघाली.

या वर्षीची आणि गेल्या वर्षीची दुरुस्ती, असे दोन्ही कागद घेऊन त्या साहेबांकडे गेल्या. साहेब माणूस वाईट नव्हता, पण निवृत्तीला आलेला. छापखान्यामागचा वाचला ना, मग झालं, म्हणाले. गेल्या वर्षीचं आता कोण विचारतंय?

"विचारायला तिथं सिस्टरच उरली नाही, साहेब," ताई म्हणाल्या. "चूक माझी आहे. तसं लिहून खाली सही केलीय. वर पाठवा."

साहेबांनी कागद पुन्हा हातात घेतला. दोन हजार नऊशेच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग हळूच विचारलं, "दवाखाना बंद झाल्यापासून वर्षभर ही माणसं जातात कुठे?"