मनालीचा चकोट

“डोकं घट धर तिचं. कान कापला तर माझं नाव नको,” सलूनवाला दीपेश म्हणाला आणि त्यानं मशीन चालू केलं.

भूपेशनं मनालीचं डोकं धरलं. मनाली त्याची हस्की जातीची कुत्री. बर्फात गाड्या ओढणाऱ्यांच्या खानदानातली. सध्या मुक्काम पडघा. स्वतःच्या हळदीत डीजेसमोर मिरवायला त्यानं तिला आणली. हळद एका रात्रीत उरकली, कुत्री उरली. अंगात बारा गावं पळायची रग आणि पळायला गोदामामागची गल्ली. तिनं गादी फाडली, सासऱ्यांची चप्पल खाल्ली, मालकाला दोनदा गटार दाखवून आणलं. तिला दमवा, असं बायको रूपा रोज सांगायची. भूपेश फिरवायचा, पण बराचसा वेळ लोकांच्या सेल्फीत जायचा. आणि ते त्याला आवडायचं.

मे महिन्यात दुपारची लाईट जाऊ लागली. एसी बंद, मनाली फरशीवर जीभ टाकून पडलेली. भूपेशला बघवेना. लहानपणी मे लागला की आई त्याचा चकोट करायची, डोकं कसं गारेगार व्हायचं. मायेपोटी माणसाला जेवढी अक्कल सुचते, तेवढी त्याला सुचली.

पोतंभर लांडगा खाली पडला आणि खुर्चीवर एक गुलाबी, अवघडलेला प्राणी उरला. दीपेशनं सवयीनं मानेला पावडर मारली, मागून आरसा दाखवला.

घरी रूपानं आधी झाडू उगारला, मग ओळखून खाली घेतला. डॉक्टरांना फोन लावला. ते केसच ऊन अडवत होते, डॉक्टर म्हणाले. आता कातडी भाजेल, अंग झाका. केस पहिल्यासारखे येतीलच असं नाही.

“तिनी काय मागितलेलं तुमच्याकडं?” रूपा म्हणाली. “पळायलाच ना?”

झाकायला तिच्या मापाचा एकच कपडा निघाला. हळदीतला पिवळा टी-शर्ट, पाठीवर ‘टीम नवरदेव’.

ऊन उतरल्यावर भूपेश तिला मागच्या रस्त्यानं घेऊन निघाला. तरी चहावाल्या राघोकाकानं टपरीतून हटकलंच.

“भूप्या, हिरोईन कुठं हाय तुझी?”

चहा पिणारे सगळे वळले.

“ती... गावाला ग्येली,” भूपेश म्हणाला. “ही दुसरी. रस्त्यावरची हाय.”

“अरेरे. ग्वाड होती रं मनाली.”

नाव ऐकताच टी-शर्ट हलला. मनालीनं मान वर केली, निळे डोळे भूपेशवर ठेवले आणि उघडी शेपटी हलवू लागली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. राघोकाकानं पातेल्यात पाणी ओतून तिच्यापुढं सरकवलं.

“हिचं नाव काय मग?”

भूपेश पातेल्याकडं बघत राहिला. “मनाली.”

पाणी संपवून ती नेहमीसारखी ओढू लागली. रोज तो मागं खेचायचा. आज त्यानं चपला हातात घेतल्या आणि गोदामांच्या रस्त्यानं, शिफ्ट सुटलेल्या गर्दीतून, तिच्यामागं पळत सुटला. पुढं टीम नवरदेव, मागं नवरदेव.

सेल्फी कुणी मागितली नाही.