उत्पन्नाची खरी मालकीण

वन्संना सगळे वन्संच म्हणत. खरं तर त्या वन्सं एकाच बाईच्या, म्हणजे भावाच्या बायकोच्या. पण वहिनीने लग्न होऊन आल्यापासून ती हाक अशी लावून धरली, की आधी भाऊ तसं म्हणायला लागला, मग शेजारीपाजारी, आणि शेवटी पँट आखूड करून घ्यायला येणारी गिऱ्हाइकंही. वन्संनी कधी हरकत घेतली नाही. त्या तोंडात टाचण्या धरून माप घ्यायच्या आणि मानेनेच ‘या’ म्हणायच्या.

नवऱ्याचं घर सोडून त्या भावाकडे राहायला आल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. मारहाण, दारू असलं काही नव्हतं. मूल झालं नाही, हळूहळू बोलणं आटलं, आणि एकदा चार दिवसांसाठी म्हणून बॅग घेऊन आल्या त्या आल्याच. नवरा न्यायला आला नाही, याही गेल्या नाहीत. कोर्टाची पायरी कोणी चढलं नाही. एकमेकांकडे काही मागायचंच नव्हतं, तर भांडायचं कशावरून?

मग आई अंथरुणाला खिळली. सकाळी वन्सं तिच्याजवळ बसायच्या. दुपारी वहिनी औषधांच्या दुकानातून सुटली की ती बसायची. आईला टीव्हीचा आवाज सोसायचा नाही, म्हणून वन्संनी एक गोष्ट सांगायला घेतली. बसस्टँडवर हरवलेल्या सामानाची खिडकी असते, तिथे बसणाऱ्या एका बाईची. लोक विसरून गेलेल्या पेट्या ती उघडते आणि आतल्या वस्तूंवरून तिला कोणाचं काय काय चाललंय ते कळत जातं. सकाळी वन्सं जिथे थांबत तिथून पुढे दुपारी वहिनी सांगे. आणि मधला भाग सासूच सुनेला ऐकवायची.

“आज सकाळी हिने हमालाला मारून टाकलं,” आई तक्रार करायची. “तू जिवंत कर बाई त्याला. मला तो आवडायचा.”

वहिनी जिवंत करायची. दुसऱ्या दिवशी वन्सं कपाळाला हात लावायच्या आणि तो मेल्याचं नाटक का करत होता ते शोधून काढायच्या. अशी ती गोष्ट वाढत गेली. कोणतं वळण कोणाचं हे पुढे त्यांचं त्यांनाही सांगता येईना.

आई गेल्यावर दुपार खायला उठायची. तेव्हा वहिनी म्हणाली, “लिहून तरी काढू.” वन्सं मशीनवर बसून बोलायच्या, वहिनी लॅपटॉपवर टाईप करायची, मधेच थांबून म्हणायची, “पोलीस असं बोलत नाहीत हो,” आणि त्यांना स्वतःच्या मनाने बोलायला लावायची. पुस्तक पुरं झालं. छापणाऱ्यांना पाठवलं, कोणी पोचही दिली नाही. मग वहिनीनेच शोध लावला की एक परदेशी कंपनी आहे, ती कोणाचंही पुस्तक विक्रीला लावते. कागद नाही, शाई नाही, लोक फोनवर वाचतात.

“कव्हरवर दोघींची नावं,” वहिनीने जाहीर केलं. “पण खातं एकीच्याच नावाने निघतं, तर ते तुमच्या नावाने काढायचं.”

“माझ्या कशाला? तुझा हात बसलाय त्या कॉम्प्युटरवर.”

“मला दुकान आहे, नवरा आहे, घर आहे. तुमच्या नावावर काय आहे, वन्सं? एक शिलाई मशीन, आणि तेही सासूबाईंचं.”

वन्संना हसू आलं, पण रात्री आडवं झाल्यावर ते वाक्य बराच वेळ मनात घोळत राहिलं. आपल्या नावावर काहीतरी. त्यांनी असा विचार कधी केलाच नव्हता, आणि एकदा केल्यावर तो जाईना.

खातं उघडताना नाव, पत्ता, सगळं सुरळीत झालं. मग कराचं पान आलं आणि गाडी अडली. कुठल्या देशाच्या रहिवासी, तिथला करदाता नंबर काय, आणि नंबरावरचं नाव खात्यावरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. वन्संना कसला नंबर असणार? त्यांचा सगळा व्यवहार बरणीतल्या सुट्ट्या पैशांवर चालायचा.

दोघी करसल्लागाराकडे गेल्या. चपलांच्या दुकानावरच्या माडीवर त्याची खोली होती, खालच्या चामड्याचा वास वरपर्यंत यायचा. माणूस थकलेला होता, पण तुसडा नव्हता.

“कंपनी परदेशातली,” तो म्हणाला. “तिथलं सरकार तिला सांगतं, परदेशी लेखकाचा पैसा बाहेर सोडण्याआधी विचारा, हा माणूस कोण, त्याच्या देशात कर भरणाऱ्यांत त्याची नोंद आहे का. नंबर दाखवला तर दोन देशांच्या करारामुळे कमी कापतात. नसला तर भरपूर कापतात. आणि ही कंपनी तर नंबराशिवाय पुस्तक पुढेच सरकवत नाही.”

“मग नंबर काढून द्या,” वहिनी म्हणाली.

“देतो की. कागद आणा.”

कागद निघाले आणि तिथेच माशी शिंकली. जन्माचा दाखला आणि शाळेचा दाखला माहेरच्या नावाचे, ओळखपत्र सासरच्या नावाचं, आणि दोहोंना जोडणारं काही नाहीच. लग्न झालं तेव्हा नोंदणी करायची राहून गेली होती. सल्लागाराने तरी अर्ज केला. तो परत आला. पुन्हा केला, पुन्हा परत. शेवटी वन्संना स्वतः कर कार्यालयात जाऊन खिडकीसमोर उभं राहावं लागलं.

आतल्या बाईने कागद दोनदा उलटसुलट पाहिले. “तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही,” ती म्हणाली. “पण या कागदांप्रमाणे तुम्ही दोन बायका आहात. नंबर एकीला देता येतो.”

“मग काय करू?”

“ही माझी बायको आहे असं नवऱ्याकडून लिहून आणा. नाहीतर आता नाही असं कोर्टाकडून आणा. दोन्हींतलं एक काहीही चालेल.”

वन्सं बाहेर येऊन पायरीवर बसल्या. नवरा आहे हे सिद्ध करायचं, नाहीतर नाही हे. इतकी वर्षं त्यांचं दोन्हींशिवाय चाललं होतं.

वहिनी सोबत येणार होती, पण वन्सं एकट्याच गेल्या. नवरा काचा कापायचं काम करायचा, अजूनही तिथेच करत होता. लाकडी घोड्यांवर मोठमोठे काचेचे ताव उभे रचलेले, कडांना हिरवट, जमिनीवर काचेची बारीक भुकटी. तो वाकून रेघ मारत होता, तो करकर आवाज वन्संच्या दातांच्या ओळखीचा होता. रेघ पुरी झाल्यावर त्याने वर पाहिलं. त्याचे केस पांढरे झाले होते.

“बस,” तो म्हणाला. मग लगेच, “बसा.”

एक स्टूल पुसून त्याने पुढे केलं. गल्ल्यापाशी सात-आठ वर्षांची एक मुलगी पाढे लिहीत बसली होती. तिने एकदा पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

वन्संनी कशासाठी आलो ते सांगितलं, सल्लागाराने तयार करून दिलेला कागद दिला. त्याने तो दूर धरून वाचला, चष्मा शोधून पुन्हा वाचला. मग मुलीला म्हणाला, “जा, आईला चहा सांगून ये.” मुलगी मागच्या दाराने गेली.

“यावर सही केली,” तो हळू म्हणाला, “तर हिची आई कोण ठरते?”

वन्संनी मागच्या दाराकडे पाहिलं.

“तिला लग्नाची म्हणून आणलंय. शाळेत, भाड्याच्या करारात, सगळीकडे तेच लिहिलंय. तिला ठाऊक आहे, पण बाकी कोणाला नाही. उद्या कोणी हा कागद काढून दाखवला तर?”

“आणि कोर्टातून मोकळं व्हायचं ठरवलं तर?”

“मोकळं व्हायलासुद्धा आधी बांधलेले होतो असं म्हणावं लागेल ना?”

“हो,” वन्सं म्हणाल्या. हे त्यांच्या येतानाच लक्षात यायला हवं होतं.

त्याने कागदाची घडी घातली, पण परत देईना. हातातच फिरवत राहिला. “पुस्तक कशावर आहे?”

“बसस्टँडवरची गोष्ट आहे. हरवलेल्या सामानाची.”

“तुम्ही पूर्वीही काहीबाही सांगायचा. जेवताना.” तो काचेवरची भुकटी हाताने सारत राहिला. “मी लक्ष देत नसे.”

चहा आला. कप घेऊन आलेली बाई दारातच घोटाळली, वन्संना पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला. वन्संनी उठून कप तिच्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, “एक आरसा बसवायचा होता, भाव विचारायला आले.” मग त्यांनी खरंच भाव विचारला. नवऱ्याने सांगितला. चहा गोड होता, त्यांनी तो संपवला.

घरी वहिनी संतापली. “भेकड माणूस. एक सही करायला हात झडला असता?”

“त्याचं काय चुकलं?”

“मग कोणाचं चुकलं, वन्सं?”

त्या खिडकीतल्या बाईचं चुकलं म्हणावं तर तिनेही नियमाप्रमाणेच सांगितलं होतं. सल्लागाराने तर दुसऱ्या खेपेचे पैसेही घेतले नव्हते. धरायला कोणी सापडत नाही तेव्हा राग माणसाच्या अंगातच फिरत राहतो, तसं वन्संचं झालं. त्यांनी त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची बाही उलटी शिवली.

भावाने जेवताना विषय मिटवला. तो शाळेची व्हॅन चालवायचा, भांडणं मिटवायची त्याला सवय होती. “हिला नंबर आहेच. दुकानातून कर कापतात तिचा. तिच्या नावाने टाका. नाव कोणाचं का असेना, घर एकच आहे.” तो मनापासून बोलला, म्हणून त्याला उलट काही म्हणता येईना.

वहिनीने खातं आपल्या नावाने काढलं. या वेळी सगळं लोण्यात सुरी जावी तसं गेलं, नंबर जुळला, नाव जुळलं. शेवटी एक निवेदन आलं. ते तिने मोठ्याने वाचलं. “या उत्पन्नाची खरी मालकीण मी आहे. मी हे दुसऱ्या कोणाच्या वतीने भरत नाही. यातलं काही खोटं निघाल्यास मी शिक्षेला पात्र राहीन.”

तिने कीबोर्डवरून हात उचलला.

“दाब,” वन्सं म्हणाल्या.

“मी दुकानात तारीख उलटलेली गोळी कधी कोणाच्या हातात ठेवली नाही, वन्सं.”

“इथे कोणी आजारी नाही. दाब.”

“खोटं आहे हे.”

“अर्धं खरं आहे. अर्ध्याची जागा नाही त्यात.” वन्संनी सुई खाली ठेवली. “वहिनी, दुसरी वाट असली तर सांग. नसली तर दाब.”

वहिनीने सल्लागाराला फोन लावून पाहिला. तो म्हणाला, मालक एकच दाखवा, घरात काय वाटून घ्यायचं ते घ्या. तिने फोन ठेवला. मग नाव टाईप करून तिने बटण दाबलं आणि उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आली.

पुस्तक विक्रीला लागलं. कव्हरवर दोघींची नावं होती, कव्हरवर काय लिहावं याला कंपनीची हरकत नव्हती. तिथे भुताचं नाव घातलं असतं तरी चाललं असतं. पत्रं मात्र वहिनीला यायची. भाऊ शाळेच्या फाटकापाशी पालकांना सांगायचा, “बायकोने पुस्तक लिहिलंय,” आणि आठवण झाली की पुढे जोडायचा, “बहीणही मदत करते.” पैसा येई तो थोडकाच. वहिनी त्यातला निम्मा वन्संच्या उशाखाली ठेवायची. वन्सं तो किराण्यात घालायच्या. त्यावरून दोघींत कधी शब्द झाला नाही.

बदल झाला तो दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी. वन्सं सांगता सांगता थांबायच्या आणि विचारायच्या, “असं केलं तर चालेल का?” वहिनी म्हणायची, “मला काय विचारता?” वन्सं म्हणायच्या, “तसं नव्हे, तुझं नाव आहे ना खाली. काही वेडंवाकडं गेलं तर तुलाच निस्तरावं लागेल.” पूर्वी त्यांनी न विचारता माणसं मारली होती. वहिनीही पूर्वी मधेच तोंड घालून प्रसंग फिरवायची, ती आता जे येईल ते मुकाट टाईप करायची, एकही शब्द बदलायला धजायची नाही. पानं होत होती. वाचून पाहिलं की काय हरवलंय ते दोघींनाही कळायचं, आणि दोघीही बरं झालंय म्हणायच्या.

एकदा एका वाचकाचं पत्र आलं. त्याने लिहिलं होतं, हमाल मेला असं वाटतं आणि पुढे तो जिवंत निघतो, ते वाचताना मी रडलो. बाई, हे तुम्हाला सुचलं कसं?

वहिनीने लॅपटॉप वन्संकडे वळवला. “तुम्हीच उत्तर द्या.”

“खातं तुझं. मी लिहिलं तर दुसऱ्याच्या वतीने होईल.”

“मग सांगा. मी लिहिते.”

वन्संनी मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि त्या सांगायला लागल्या. माझी आई आजारी होती. तिला तो हमाल आवडायचा. वहिनी खाली मान घालून टाईप करत गेली, माझी आई आजारी होती, आणि एका जागी थांबून तिने विचारलं, “सासूबाई म्हणू, की आई?”

“आईच असू दे,” वन्सं म्हणाल्या. “नाहीतर त्याला कळायचं नाही.”