खोबणीतलं नारळपाणी

उजव्या अंगठ्याच्या नखात नारळाच्या शेंडीचा एक तंतू अडकला होता, केसाएवढा, आणि लालासाहेब तो डाव्या हाताने जसजसा काढू पाहत तसतसा तो आणखी आत सरकत होता – समोर लॅपटॉपवर बोटं ठेवून शिवांजली विचारत होती, "आबा, इस्लामपूर ते कराड. ट्रक वाटेत बंद पडायची शक्यता किती? एक ते पाच."

"दोन," ते म्हणाले. आणि सवयीनं पुढं, "आता लेहला डिझेल गोठलं हुतं, तवा म्या सुऱ्यानं वड्या पाडून इंजनाला चारल्या –"

"ह्या ट्रकला डिझेलच नाही, आबा."

तेच तर. डिझेल नाही, धूर नाही. परदेशातल्या व्यापाऱ्याला बेदाणा कमीत कमी धूर करून आलेला हवा, म्हणून तो धाडणाऱ्या इथल्या कंपनीनं बॅटरीचा ट्रक घेतला. त्यातून कराडच्या मालधक्क्यापर्यंत, तिथून रेल्वेनं बंदराला, पुढं जहाज. माल तीनदा हात बदलणार, आणि प्रत्येक ठिकाणी काय बिघडेल याचा तक्ता ही कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली पोर संध्याकाळपर्यंत धाडणार. शक्यता गुणिले परिणाम. हिरवा चौकोन, पिवळा, लाल. फौजेत चोवीस वर्षं गाडी हाकली म्हणून शेजारी खुर्चीत लालासाहेब. रस्त्याचा जाणकार. जाणकार! यातल्या दोन ओळी तर काल मी जागच्या जागी रचल्या, आणि तिनं त्या टाइप केल्या...

पण ती एक ओळ तक्त्यात नव्हती.

सकाळी नऊला ट्रकची पूजा. फौजी माणूस, वयानं मोठा, नारळ त्यांच्याच हाती. जुन्या गाडीचं सोपं असतं – बॉनेटला हार, चाकाखाली लिंबू, नारळ फोडून पाणी इंजनावर. इथं बॉनेट उघडावं तर आत डब्यांसारखं काहीतरी, आणि सगळी माणसं बघतायत, ट्रक नेणारा जावई धनाजी नव्या शर्टात हात जोडून उभा – हे नवं वाहन खातं कुठून? तर बाजूच्या त्या झाकणाखालच्या खोबणीतून. मग पहिला घास तिथंच द्यायला हवा, नाही का? त्यांनी झाकण उघडलं, पितळी टोकांना हळदकुंकू लावलं, आणि नारळाचं पाणी... सगळं नाही, अर्धी वाटी. टाळ्या पडल्या. झाकण लागलं. रात्रभर चार्ज झालेला ट्रक आवाज न करता फाटकाबाहेर गेला, आणि तो गेल्यावर मग लक्षात आलं. पाणी. विजेच्या तोंडात.

कराडला कंटेनर उतरला की साडेबाराला धनाजी परतीसाठी ती जाड वायर हातात घेणार. झाकण उघडणार. ओल्या तोंडात वायर... काही होत नसेल. मशीनला अक्कल असते म्हणे, आपोआप बंद होतं. की जाळ? की नुसता झटका, आणि लेक दीपमाला उंबऱ्यात, कडेवर लेकरू –

भिंतीवर बारा वाजून चार.

"शिवांजली."

"हं."

"म्या चार्जिंगच्या खोबणीत नारळाचं पानी वतलंय. सकाळी. पूजेत."

तिची बोटं थांबली. मग ती हसली, मान मागे टाकून, मनापासून. "आणि मग ट्रकनं ढेकर दिला असेल!"

"न्हाई गं, खरंच."

"आबा, 'खरंच' हा शब्द सकाळपासून अकरा वेळा झालाय. मी मोजतेय." डोळे पुसत ती स्क्रीनकडे वळली. "चला, मालधक्का. क्रेनचा पट्टा तुटायची शक्यता?"

आयुष्यभर लोकांनी हसावं म्हणून झटलो, आणि आज... बारा वाजून सात. खुर्ची मागे सारून ते उठले, व्हरांड्यात आले. धनाजीचा नंबर लावला. रिंग जात होती. हाच धनाजी लग्नात म्हणाला होता, मामा, तुमची ती डिझेलच्या वड्यांची गोष्ट परत सांगा की. त्याच्यापुढं कधी आपण साधं एक वाक्य बोललोय? पाऊस पडला असं नुसतं सांगितलंय कधी?

"बोला मामा! पोचलो की. गाडी म्हंजी लोण्यावानी चालली बघा. कंटेनर उतरतोय, आता लावतोच चार्जिंगला."

"धनाजीराव..."

"व्हय?"

तोंडात वाक्य तयार होतं. नेहमीसारखं, नटवलेलं, आधी एक गंमत, मग मुद्दा – ते त्यांनी गिळलं. दुसरं आलं, तेही हसवणारंच निघालं. पलीकडे क्रेनची घरघर, धनाजीचा श्वास, वाट बघणारा, हसायला आधीच तयार असलेला. लालासाहेब कठडा धरून उभे राहिले आणि आपल्याच गळ्यात तो आवाज चाचपू लागले – कोरडा, कुणालाच हसू न येणारा – इतक्या वर्षांत जो कधी लागलाच नव्हता, आणि जो कसा लावायचा ते त्यांना माहीत नव्हतं.