उजव्या गालावरचा तीळ

खिडकी क्रमांक चारवरच्या तपासनिसाला माणसं आवडत नसत असं नाही, पण अख्खं माणूस त्याला कधी दिसतच नसे. आधी कान दिसायचे. ओळखपत्रांच्या कचेरीत चोवीस वर्षं काढल्यावर डोळ्यांना तसं वळणच पडलं होतं. समोर माणूस, हातात त्याचा कागद, कागदावर फोटो. आधी कान, मग भुवयांमधलं अंतर, मग नाकपुड्या, मग तीळ आणि व्रण, सगळ्यात शेवटी हनुवटी. हसू तो हिशोबात धरत नसे. हसू काय, कुणीही आणतं.

कचेरीत नवं कुणी रुजू झालं की त्याचं ठरलेलं व्याख्यान असायचं. "फोटो खोटं बोलत नाही. बोलतो तो समोरचा. आणि जो पटापट उत्तरं देतो ना, त्याला जरा जास्त वेळ उभं करा. खरा माणूस स्वतःची जन्मतारीख सांगतानाही अडखळतो. तोतया पाठ करून येतो."

असे अकरा तोतये त्याने पकडले होते. त्यांच्या गोष्टी त्याने बायकोला इतक्यांदा ऐकवल्या होत्या की ते अकराही जण तिला सासरच्या गोतावळ्यातलेच वाटत.

त्या रविवारी सकाळी घराला रंग द्यायचा म्हणून त्याने बैठकीतला फोटो भिंतीवरून उतरवला. लग्नाला महिना झाल्यावर दोघांनी स्टुडिओत जाऊन काढलेला. ती खुर्चीत, हा कोट घालून शेजारी उभा, दोघांच्याही चेहऱ्यावर शिक्षा ऐकायला आल्यासारखा भाव. सत्तावीस वर्षं तो तिथे लटकत होता, आणि भिंतीवरच्या फोटोकडे कोण बघतं? धूळ बसली की पुसायचा, एवढंच. त्याने ओल्या फडक्याने काच पुसली आणि सवयीने त्याचे डोळे कामाला लागले. कान. भुवया. नाकपुड्या. तीळ उजव्या गालावर, डोळ्याखाली बोटभर.

"अहो, फोटो पुसताय की त्याची मुलाखत घेताय?" बायको दारात चहाचा कप घेऊन उभी होती. "गार होतोय."

त्याने मान वर केली. तीळ डाव्या गालावर होता.

आधी त्याला स्वतःचंच हसू आलं. मग त्याने पुन्हा फोटोत पाहिलं. तिचा वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला होता, ओठ मिटले तरी टोक बाहेर दिसे इतका. फोटोत तो उजवीकडे, समोर उभी होती तिचा डावीकडे. कचेरीच्या रिवाजाने एक खूण चुकली तर शेऱ्यात 'वयोमानानुसार' लिहून सोडून देता येई. दोन चुकल्या की प्रकरण वर साहेबांकडे जाई.

माणूस सावध होता. फोटोच चुकीचा असेल, असं म्हणून तो फोटो घेऊन न्हाणीघरात गेला आणि आरशासमोर उभा राहिला. लहानपणी पायरीवर आपटून त्याची एक भुवई फाटली होती, तिचा व्रण अजून होता. फोटोतला व्रण आणि आरशातला व्रण एकाच बाजूला. भांग एकाच बाजूला. फोटोतला तरणा आणि आरशातला टकलाकडे झुकलेला, दोघे शेजारी उभे केले तर एकमेकांना नमस्कार करतील इतके जुळत होते.

म्हणजे फोटो खरा होता.



त्याने कपाटातले जुने अल्बम काढले. मुलीच्या बारशापासून तिच्या लग्नापर्यंतचे. प्रत्येक फोटोत बायकोचा तीळ डावीकडे, दात डावीकडे. त्या फोटोंमध्ये तो स्वतःही होता, पण स्वतःकडे त्याने पाहिलं नाही. तपासनीस कधी स्वतःला तपासत नसतो. त्याने फक्त तारखा लावल्या. बदल झाला होता तो लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात. मग सत्तावीस वर्षं आपण राहिलो कुणाबरोबर? आणि फोटोत खुर्चीवर बसलेली ती मुलगी, ती कुठे गेली?

"आपल्या पहिल्या घरात कुठली खोली गळायची?" दुपारी त्याने विचारलं.

"मागची. आता ती कशाला आठवली?"

"माझ्या आईने तुला पहिल्या दिवशी काय विचारलं होतं?"

"'घोरत नाहीस ना?' आणि स्वतः रात्रभर इंजिनासारख्या घोरत होत्या." ती हसली. "झालं का? पास झाले मी?"

एकदाही अडखळली नाही. प्रत्येक बरोबर उत्तराबरोबर त्याचा संशय वाढत गेला: तोतया पाठ करून येतो.

दोन दिवस तो त्या घरात पाहुण्यासारखा वावरला. ती ज्या भांड्यातून घेई त्याच भांड्यातून तो वाढून घेई, आणि तिने पहिला घास घेतल्यावरच आपला उचले. तिच्याकडे सारखं बघत राही. जितकं बघावं तितकी ती सुटी होत जाई. एकच शब्द शंभरदा म्हटला की त्याचा अर्थ गळून नुसता आवाज उरतो, तसं तिचं झालं होतं. एक कान, दोन नाकपुड्या, एक तीळ, आणि त्यांच्या मागे कुणीतरी बसून त्याला भात वाढत होतं.

मंगळवारी जेवताना त्याने हळूच विचारलं, "तू कोण आहेस?"

"तुमच्या आई म्हणायच्या ती अवदसा," ती म्हणाली आणि आमटी वाढायला वाकली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला. पळी तशीच हातात राहिली. "अहो. अहो, असं काय बघताय?"

बुधवारी सकाळीच तिचा धाकटा भाऊ आला. तो शिंपी. गळ्यात टेप, कानामागे खडू, दुकान अर्धवट उघडं टाकून आलेला. बहिणीने फोनवर रडत काय सांगितलं होतं ते त्याला नीट कळलं नव्हतं. त्याने फोटो हातात घेतला आणि तो चेहऱ्यांकडे बघेचना. त्याचे डोळे कोटावर खिळले.

"दाजी, हा कोट कुणी शिवला होता?"

"तुझ्याच वडिलांनी. का रे?"

"मग माझ्या बापाने जावयाला बायकी कोट शिवला म्हणायचं. बटणपट्टी बघा. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते. ही उजवी आलीय. वरचा खिसाही उजवीकडे. तुमच्या लग्नापर्यंत त्यांनी हजार कोट शिवले असतील, असला एकही नाही." तो हसायला लागला. "अहो, फिल्म उलटी घालून छापलाय फोटो. स्टुडिओवाल्याचा प्रताप. ताई, सत्तावीस वर्षं तुम्ही उलटे लटकताय भिंतीवर!"

"पण माझा व्रण बरोबर आहे," तपासनीस म्हणाला. "आरशात बघितला मी."

"आरशात! दाजी, आरशातले तुम्हीसुद्धा उलटेच असता. तसं तुम्हाला बघणारे या जगात तुम्ही एकटेच. लावा हात भुवईला."

त्याने लावला. व्रण डाव्या भुवईवर लागला. फोटोतला उजव्या भुवईवर होता.

मेहुणा हसला, बायको हसता हसता डोळे पुसू लागली, तोही हसला. सगळा हिशोब चोख जुळला होता, कुठे शंकेला जागा नव्हती. मोठ्या आशेने तो बायकोकडे वळला.

कान. भुवया. नाकपुड्या. तीळ.

काहीच एकत्र येईना. आणि आता त्याला खरी भीती वाटली. कालपर्यंत भीतीला निदान कारण होतं, ते काढून टाकता आलं असतं. आता कारण गेलं होतं आणि भीती तशीच खुर्चीत बसून होती.

मेहुणा दुकानाकडे गेल्यावर तो म्हणाला, "पटलंय मला सगळं. शप्पथ पटलंय. पण तू दिसत नाहीस."

"रात्री तुम्ही माझ्याकडे तोंड करून जागे असता," ती म्हणाली. "डोळे मिटले तरी मला कळतं. मी कुणी चोर असल्यासारखं. मला नाही झोप येत हो त्या नजरेत." मग तिने विचारलं, "मी भावाकडे जाऊ राहायला?"

त्याला 'नको' म्हणायचं होतं. पण त्याच क्षणी घर रिकामं होईल या विचाराने त्याला जरा बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं तिला दिसलं.

गुरुवारी साडेअकराच्या सुमारास त्रेपन्न नंबरचं टोकन पुकारलं गेलं. काचेखालच्या फटीतून एक ओळखपत्र आणि एक भरलेला अर्ज आत सरकला. पत्ता बदलण्याचा अर्ज. नवा पत्ता मेहुण्याच्या घराचा.

त्याने वर पाहिलं. ती होती.

"इकडे का आलीस?"

"टोकन घेतलं, ही खिडकी निघाली," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "पत्ता बदलायचाय. फोटो जुळतोय का बघा आणि शिक्का मारा."

त्या कचेरीत एक नियम होता. नात्यातलं माणूस समोर आलं तर तपासनिसाने त्याला तपासायचं नाही. निळ्या चिठ्ठीवर नातं लिहायचं, सही करायची आणि ते प्रकरण शेजारच्या खिडकीवर द्यायचं. भाऊबंदांचे कागद डोळे मिटून पास होऊ नयेत म्हणून कुणीतरी घालून ठेवलेला नियम. तिला तो माहीत होता. आज तिने तो त्याच्यासमोर आणून ठेवला होता. शिक्का मारला म्हणजे ती परकी. परकी नसेल तर त्याला तसं लिहून द्यावं लागेल.

"नातं असेल तर सांगा," ती म्हणाली. "नसेल तर लवकर उरका. भाऊ टेम्पो घेऊन येतोय एक वाजता."

त्याने ओळखपत्र उचललं. दोन वर्षांपूर्वीचा फोटो. तीळ डावीकडे, दात डावीकडे, कान, भुवया, हनुवटी. एवढा बिनचूक जुळणारा चेहरा त्याच्या खिडकीवर कधी आला नव्हता. कचेरीच्या लेखी ही बाई शंभर टक्के खरी होती. त्याने पुन्हा पाहिलं. पुन्हा. हे तुकडे आता एकदा गोळा होतील, आत्ता होतील, म्हणून डोळ्यांत पाणी येईपर्यंत पापणी न हलवता बघत राहिला.

"साहेब, फोटो जुळवताय की चित्र काढताय?" मागून एक तापट गृहस्थ ओरडला. "आमच्याही घरी कुणी वाट बघतंय!"

रांगेत हशा झाला. ती हसली नाही. खिडकीच्या कडेवर तिची बोटं होती, आणि ती थरथरत होती. त्या थरथरण्याचाही पुरावा होईना. घाबरलेली खरी माणसं थरथरतात, खोटीही थरथरतात. एवढंच कळलं की ती त्याला घाबरत होती.

त्याने खण उघडून निळी चिठ्ठी काढली. 'समोरील व्यक्ती माझ्या प्रत्यक्ष ओळखीची असून नाते' आणि पुढे रिकामी रेघ. चोवीस वर्षांत डोळ्यांनी हो म्हटल्याशिवाय त्याने कशावर सही केली नव्हती. आणि ही नसली तर? एक अनोळखी बाई स्वतःच्या सहीने जन्मभरासाठी घरात घेतोय आपण. पेन रेघेवर टेकलं तेव्हा शाईचा एक ठिपका पडला, इतका वेळ त्याचा हात तिथे थांबला होता.

त्याने लिहिलं, 'पत्नी'. सही केली. अर्ज आणि ओळखपत्रासकट चिठ्ठी काचेखालून बाहेर सरकवली.

तिने ती वाचली. "दिसलं का काही?"

"नाही."

"मग लिहिलंत कसं?"

"माहीत नाही." त्याने पेनाला टोपण लावलं. "मला फार भीती वाटतेय गं."

"मलापण," ती म्हणाली.

शेजारच्या खिडकीवरच्या चष्मेवाल्या बाईंनी हात पुढे केला. "आणा वहिनी, मी करून देते. काय, पत्ता बदलायचाय?"

"थांबा जरा," ती चिठ्ठीची घडी घालत म्हणाली. "माझं अजून ठरत नाहीये." आणि ती गर्दीतून वाट काढत मागच्या बाकाकडे गेली.

तो पुढचं टोकन पुकारायला विसरला. रांग कुरकुरू लागली. गर्दी जरा हलली तेव्हा त्याला बाक दिसला. त्यावर तीन बायका पाठमोऱ्या बसल्या होत्या, तिघींच्या खांद्यांवर फिक्या रंगाचे पदर. यातली ती कुठली, हे त्याला काही केल्या सांगता येईना. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला आले होते. टेम्पो एक वाजता येणार होता. तो मान लांब करून त्या तीन पाठींकडे बघत राहिला, आणि त्यांपैकी कुठलीही जरा हलली की त्याच्या काळजात धस्स होत होतं.